लीलावतीचा मोती : स्त्री-वैज्ञानिकांच्या चरित्रांतील नायिका आणि तिचे कार्य

बंगळूरच्या भारतीय विज्ञान अकादमीने २००८ मध्ये ‘लीलावतीज डॉटर्स’ हा इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध केला. मूळच्या पुण्याच्या, मूलकणभौतिकीच्या ख्यातनाम संशोधक रोहिणी गोडबोले (१९५२-२०२४) आणि राम रामस्वामी हे त्याचे संपादक. भारतातील सुमारे शंभर स्त्री-वैज्ञानिकांवरील छोटे लेख त्यात एकत्र आले असून त्यांतील बहुतेक त्या त्या वैज्ञानिकेने स्वतःच लिहिलेले आहेत. विज्ञानाकडे वळू पाहणाऱ्या मुलींपुढे जिवंत उदाहरणे ठेवावीत, हा या संकलनामागील हेतू उघड आहे. तौलनिक साहित्याच्या अभ्यासकाला मात्र आशयाच्या आधी या ग्रंथाच्या शीर्षकापाशीच थांबावे लागते. ज्या लीलावतीच्या या लेकी म्हणवल्या गेल्या, ती लीलावती कोण?

भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’ (११५०) या ग्रंथात ती त्यांची कन्या असल्याचे कोठेही म्हटलेले नाही. तिथे गणिते घालताना ‘बाले’ अशी संबोधने येतात, तशीच काही ठिकाणी मित्रालाही हाक मारलेली आढळते. चाळीसगावजवळच्या पाटण येथील तेराव्या शतकाच्या आरंभीच्या शिलालेखात भास्कराचार्यांची वंशावळ येते. तिच्यात पुत्र लक्ष्मीधर आणि नातू चांगदेव यांचा निर्देश आहे, कन्येचा नाही. सर्वपरिचित कथा येते ती अकबराच्या दरबारातील कवी फैजी याने १५८७ मध्ये केलेल्या फारसी अनुवादाच्या वाटेने. लग्नघटिका साधण्यासाठी पाण्यात घटिकापात्र सोडलेले असते, कुतूहलाने त्यात डोकावणाऱ्या वधूच्या अलंकारातला एक मोती निखळून पात्राच्या छिद्रात अडकतो, मुहूर्त टळतो, आणि मुलीच्या सांत्वनासाठी पिता तिच्या नावाने ग्रंथ रचतो. म्हणजे संस्कृत गणितग्रंथातील एका संबोधनाला फारसी प्रस्तावनेने कथानक दिले आणि आधुनिक भारतीय भाषांनी ते आपले मानले. ग्रहणाच्या इतिहासाचे इतके बोलके उदाहरण विरळाच.

या कथेतील मुलीचे स्थान लक्षात घेण्यासारखे आहे. तिचे कुतूहल तिच्या दुर्दैवाचे कारण होते, आणि गणित तिच्या वाट्याला येते ते सांत्वन म्हणून. प्रश्न विचारणारा पिता, उत्तर द्यायची ती कन्या. आणि तिचे उत्तर ग्रंथात कधीच ऐकू येत नाही. २००८ च्या संकलनाने ही रचना उलटवली, हे त्याचे महत्त्वाचे वाङ्मयीन कार्य होय. जिला उद्देशून बोलले जाई, तीच येथे बोलू लागते. पण या संकलनाच्या बाहेर स्त्री-वैज्ञानिकांच्या गौरवपर चरित्रांचा जो मोठा प्रवाह मराठीत आणि अन्य भारतीय भाषांत वाहतो आहे, तो अद्याप फैजीच्या कथेपासून फार दूर गेलेला नाही. त्यात नायिकेच्या दुःखाला कथानक आहे. तिच्या कार्याला मात्र क्वचितच.

डॉ. आनंदीबाई जोशी यांचे उदाहरण मराठी वाचकाला सर्वांत जवळचे. १८८६ मध्ये फिलाडेल्फियाच्या स्त्री-वैद्यक महाविद्यालयातून त्या पदवीधर झाल्या आणि फेब्रुवारी १८८७ मध्ये, बावीस वर्षेही पूर्ण होण्याआधी, पुण्यात निधन पावल्या. कॅरोलिन डॉल यांचे इंग्रजी चरित्र (१८८८), काशीबाई कानिटकरांचे मराठी चरित्र, श्री. ज. जोशी यांची ‘आनंदी गोपाळ’ ही कादंबरी (१९६८), अंजली कीर्तने यांचे संशोधनपर चरित्र आणि समीर विद्वांस यांचा २०१९ चा चित्रपट अशी ही परंपरा सलग आहे. तिच्यात सर्वाधिक लोकप्रिय ठरली ती कादंबरी. तिच्या केंद्रस्थानी गोपाळरावांचा विक्षिप्त आग्रह आणि त्यातून घडत-मोडत गेलेले दाम्पत्य आहे. शीर्षकातली दोन नावेही तेच सांगतात. आनंदीबाईंनी पदवीसाठी हिंदूंमधील प्रसूतिशास्त्रावर प्रबंध लिहिला होता, ही गोष्ट या परंपरेत बहुधा एका वाक्यात उरकली जाते. त्यांच्या अकाली मृत्यूमुळे कार्याला अवसर मिळाला नाही, हे खरे. म्हणूनच ज्यांना तो भरपूर मिळाला, त्यांच्या चरित्रांचे काय होते हे पाहणे अधिक उद्बोधक ठरते.

कमला सोहोनी (मृत्यू १९९८) या पूर्वाश्रमीच्या भागवत, दुर्गा भागवतांच्या धाकट्या भगिनी. मराठी वाङ्मयेतिहासाने थोरलीची जेवढी दखल घेतली, तिच्या अंशानेही धाकटीची घेतली नाही. विज्ञान हे वाङ्मयाच्या कक्षेबाहेरचे, ही समजूत त्यामागे असावी. त्यांच्याविषयीच्या लेखनात एक प्रसंग हमखास येतो. १९३३ मध्ये मुंबई विद्यापीठाची पदवी घेऊन त्या बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत प्रवेश मागतात. संचालक चंद्रशेखर वेंकट रामन स्त्री म्हणून तो नाकारतात. त्या हटत नाहीत. अखेर वर्षभराच्या परीक्षाकाळाच्या अपमानास्पद अटीवर प्रवेश मिळतो. आणि काम पाहून रामन यांचे मत पालटते.

या कथनाची घडण मराठी वाचकाला ओळखीची वाटते, कारण ती संतचरित्राची आहे. छळ, कसोटी, अढळ निष्ठा आणि शेवटी छळकाचेच मतपरिवर्तन हा क्रम महीपतींनी ‘भक्तविजया’त (१७६२) अनेक संतांच्या बाबतीत योजला आहे. संत बहिणाबाईंच्या आत्मनिवेदनातही पत्नीचा छळ करणारा पती शेवटी तुकोबांच्या भक्तिमार्गाकडे वळतो. आधुनिक चरित्रकाराने ही घडण जाणूनबुजून उचलली असे नव्हे. चरित्र म्हटले की ती हाताशी येते. तिचा परिणाम असा की, संस्थेचा अन्याय एका व्यक्तीच्या पूर्वग्रहात सामावतो आणि ती व्यक्ती बदलताच अन्यायही संपल्यासारखा वाटतो. पुढील चार दशकांचे काम मग उपसंहार होऊन बसते.

ते काम काय होते? केंब्रिजमध्ये वनस्पतींच्या श्वसनक्रियेवर संशोधन करताना कमलाबाईंनी बटाट्याच्या पेशीजालात सायटोक्रोम-सी हा घटक दाखवून दिला. प्राणी आणि यीस्ट यांच्या पेशींत प्राणवायूच्या वापराशी निगडित असलेला हा घटक वनस्पतींतही आहे, म्हणजे बटाट्याच्या आणि प्राण्याच्या पेशी श्वसनासाठी सारख्याच रासायनिक साखळीचा आश्रय घेतात, असा त्याचा अर्थ होतो. यावरचा त्यांचा पीएच.डी.चा प्रबंध (१९३९) अवघ्या चाळीस पानांचा होता. पुढे मुंबईच्या विज्ञान संस्थेत त्यांनी नीरा, कडधान्ये आणि भाताच्या पिठाचे पदार्थ यांच्या पोषणमूल्यांचा अभ्यास केला. कडधान्यांत प्रथिनांचे पचन रोखणारे घटक असतात. ते किती आणि कोणते, हा प्रश्न ज्यांच्या ताटात प्रथिने मुख्यतः डाळीतूनच येतात त्यांच्या दृष्टीने साधा नाही. एखाद्या शाळकरी मुलीला खिळवून ठेवील असे कुतूहल येथे आहे. भिजवलेली डाळ, मोड आलेली मटकी तिने रोज पाहिलेली असते. परंतु गौरवपर चरित्र तिला रामन यांच्या दालनाच्या दाराशी उभे करते, प्रयोगशाळेत नेत नाही.

आणखी एक गोष्ट या चरित्रांत ‘सुसंस्कृत घर’ या शब्दप्रयोगाखाली झाकली जाते. कमलाबाईंचे वडील आणि काका दोघेही त्याच बंगळूरच्या संस्थेत शिकलेले रसायनशास्त्रज्ञ होते. नकारापुढे न हटण्याचे बळ केवळ स्वभावातून आले नव्हते; त्या संस्थेवर आपला हक्क आहे ही जाणीव घरातूनच मिळालेली होती. आभा सूर यांनी ‘डिस्पर्स्ड रेडिअन्स’ (२०११) या ग्रंथात भारतीय विज्ञानातील जात आणि लिंगभाव यांचा एकत्र विचार केला आहे, तो येथे उपयोगी पडतो. अशा घराचा आधार नसलेल्या मुलीला केवळ जिद्दीचे उदाहरण देणे म्हणजे तिच्या वाट्याच्या अडचणी तिच्याच स्वभावाच्या खात्यावर मांडणे होय.

सूर यांच्या ग्रंथातील अण्णा मणी (१९१८-२००१) यांच्यावरील प्रकरण या चर्चेत मध्यवर्ती ठरावे. कमलाबाईंच्या नंतर काही वर्षांनी त्या रामन यांच्याच प्रयोगशाळेत आल्या. हिरा आणि माणिक यांच्या वर्णपटांवर त्यांनी एकटीच्या नावे शोधनिबंध लिहिले, तरीही एम.एस्सी. नाही या कारणास्तव मद्रास विद्यापीठाने त्यांना डॉक्टरेट दिली नाही. रामन यांचे मतपरिवर्तन झाले असे धरले, तरी नियमांचे झाले नव्हते. संतचरित्राच्या घडणीत न बसणारी ही वस्तुस्थिती आहे. त्याहून लक्षणीय म्हणजे, आपल्याला स्त्री म्हणून सोसावे लागले हे कथनच अण्णा मणी मुलाखतीत नाकारतात. स्त्री आणि विज्ञान या विषयाचा एवढा गाजावाजा त्यांना अनावश्यक वाटतो. चरित्रकर्तीपुढे त्यामुळे पेच उभा राहतो. पुरावा भेदभावाचा आहे, आणि चरित्रविषय म्हणतो, तसे काही नव्हते. सूर हा पेच मिटवत नाहीत. दोन्ही स्वर शेजारी ठेवतात. मराठी चरित्रकारांना यापासून शिकता येईल, कारण अण्णा मणी यांची कारकीर्द मुख्यतः पुण्याच्या हवामान खात्यात घडली. आयात उपकरणांवर अवलंबून असलेल्या देशात सुमारे शंभर हवामानमापक उपकरणांचे आराखडे त्यांनी प्रमाणित केले आणि सौरप्रारणाच्या नोंदींची देशव्यापी व्यवस्था उभारली. उपकरणे दुरुस्त करणारी, मापनातील चूक शोधणारी, अचूकतेविषयी कठोर असणारी नायिका मराठी चरित्रवाङ्मयाच्या ओळखीची नाही. तिच्यासाठी वेगळी कथनपद्धती लागेल.

‘लीलावतीज डॉटर्स’मधील आत्मकथने तशी पद्धती काही प्रमाणात पुरवतात. प्रथमपुरुषी निवेदन आले की ‘पहिली स्त्री’ या बिरुदाचा भार उतरतो आणि वेळापत्रक, बदल्या, मुलांचे संगोपन, सहकारी, फसलेले प्रयोग यांना जागा मिळते. या लेखांच्या मर्यादाही दिसतात. ते थोडक्यात आवरलेले असल्याने वैज्ञानिक प्रश्नाला अनेकदा नावापुरतेच स्थान उरते. शिवाय आत्मकथन लिहायला सांगितले जाते ते पोहोचलेल्यांना. वाटेत विज्ञान सोडून गेलेल्यांची कथा अशा संकलनात येऊच शकत नाही. आणि दिवंगतांवरील लेखांच्या निवडीत स्मृतीचे जुने पक्षपात पुन्हा उमटतात. बिभा चौधुरी (१९१३-१९९१) यांचे नाव या ग्रंथात नाही.

कोलकात्याच्या बोस संस्थेत देवेंद्रमोहन बोस यांच्यासह बिभा चौधुरींनी हिमालयातील उंच ठिकाणी छायाचित्रण-काचा ठेवून विश्वकिरणांचे माग नोंदवले आणि इलेक्ट्रॉनच्या सुमारे दोनशेपट वस्तुमानाच्या कणाची चाहूल लागल्याचे शोधनिबंध १९४०-४२ च्या सुमारास ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध केले. महायुद्धामुळे अधिक संवेदनशील काचा भारतात मिळाल्या नाहीत. तशा काचा वापरून सेसिल पॉवेल यांच्या गटाने १९४७ मध्ये पायॉन निश्चित केला आणि १९५० मध्ये पॉवेल यांना नोबेल पारितोषिक मिळाले. राजिंदर सिंग आणि सुप्रकाश रॉय यांचा चौधुरींवरील ग्रंथ २०१८ चा. २०१९ मध्ये आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघटनेने एका ताऱ्याला ‘बिभा’ हे नाव दिले. त्यानंतर त्यांच्याविषयी भारतीय भाषांत बरेच लेखन होऊ लागले असून ‘हुकलेले नोबेल’ हे त्याचे पालुपद झाले आहे. काचेवरच्या लेपाची जाडी आणि संवेदनशीलता, त्यात कणाने सोडलेला माग किती ठिपक्यांचा, तो वाकतो किती, त्यावरून वस्तुमान कसे काढायचे, आणि अपुऱ्या काचांवरही इतक्या जवळचा अंदाज कसा आला, हे सांगणारे मराठी चरित्र अद्याप लिहिले जायचे आहे.