डोमेन नावांचे शुल्क, परतावा आणि मावळातील नामलेखन

डोमेन नावांच्या नोंदणीतील गैरव्यवहार हा निव्वळ आर्थिक प्रश्न आहे, ही समजूत अपुरी होय. त्याचे एक मूळ नामलेखनाच्या अनिश्चिततेत आहे. लोणावळ्याचेच उदाहरण घ्यावे. रोमी लिपीत ‘व’साठी दोन अक्षरे उपलब्ध, त्यातील ‘अ’ लिहावा की गाळावा, हेही अनिश्चित. एवढ्याने ग्रामनामाची चार रूपे सिद्ध होतात, आणि पुढे ‘चिक्की’ एका वा दोन ‘क’कारांनी जोडली की आठ. (शेजारची लेणी अभ्यासकांच्या लेखनातही कार्ला, कार्ले, कार्ली अशी तीन नावे धारण करतात, तेव्हा दोष दुकानदारांचाच नव्हे.)

अशा लेखनात चूक संभवते, म्हणूनच नोंदणीनंतर पाच दिवसांत नाव रद्द केल्यास शुल्क परत मिळण्याची सवलत उपयुक्त होती. नफेखोरांनी तिचा विपर्यास केला. नावे लाखोंनी घ्यावयाची, त्यांवर जाहिराती लावून प्राप्ती अजमावावयाची, आणि निरुपयोगी ठरतील ती फुकटात परत करावयाची, असा हा व्यवहार होता. डोमेन नावांची व्यवस्था पाहणाऱ्या ‘आयकॅन’ने २००८ च्या जुलैपासून मर्यादेबाहेरील प्रत्येक रद्द नावावर २० सेंट आकारले. एप्रिल २००९ पासून, नोंदणीसंस्थेच्या मासिक नव्या नोंदणीच्या १० टक्के किंवा ५० नावे, यांपैकी जी संख्या मोठी, तिच्यापलीकडे परतावाच बंद झाला. जून २००८ ते एप्रिल २००९ या अवधीत अशी रद्द नावे ९९.७ टक्क्यांनी घटली. सवलत समूळ काढावी, असाही एक पक्ष होता. तो मान्य झाला नाही, हे योग्यच. अन्यथा भामट्याबरोबर शुद्धलेखन चुकलेल्या माणसालाही शिक्षा झाली असती.

मात्र हे धोरण संख्याच मोजते. आठही रूपे अडवून बसणारा परतावा मागतच नाही. तो वार्षिक शुल्क भरून गिऱ्हाइकाची वाट पाहतो. त्याच्याविरुद्ध जागतिक बौद्धिक संपदा संघटनेच्या लवादाकडे जावे, तर सहा ते दहा नावांच्या तक्रारीस एकसदस्य मंडळाचेच शुल्क २००० डॉलर. शिवाय ग्रामनाम आणि पदार्थनाम यांच्या साध्या जोडणीवर एकट्याचा व्यापारचिन्हाचा हक्क सिद्ध होणे दुष्कर. अशा स्थितीत सरसकट शुल्कवाढ सुचविणाऱ्यांनी एक हिशेब करावा: सावध व्यावसायिकाला आपल्याच गावाचे नाव आठ वेळा विकत घ्यावे लागते, आणि वाढही तो आठ वेळा सोसतो.

२०१४ मध्ये देवनागरी ‘.भारत’ खुले झाले. तेथे ‘व’चा घोळ मिटतो, परंतु ‘लोणावळा’शेजारी हिंदी वळणाचे ‘लोनावला’ उभेच राहते, आणि आयकॅनचा उपरोक्त नियम देशवाचक प्रत्ययांना लागू नाही.