'नेहमीच्या ठिकाणी': एका रनिंग क्लबच्या वेबसाईटची समीक्षा



नाटकाची समीक्षा होते, कादंबरीची होते, चित्रपटाची तर प्रत्येक टपरीवर होते. छोट्या संस्थेच्या वेबसाईटची मात्र कोणी करत नाही. ती कोणाकडून तरी 'करून घ्यायची' असते, आणि एकदा झाली की विषय संपला. आज आम्ही ती समीक्षा करणार आहोत, आणि त्यासाठी घेतलेली वेबसाईट आमची स्वतःचीच आहे. पुण्यात तळजाईच्या टेकडीवर धावणाऱ्या एका क्लबचे आम्ही काही सभासद. क्लबचं नाव सांगत नाही, कारण पुण्यात टेकडीगणिक असे क्लब आहेत आणि गोष्ट त्यांतल्या बऱ्याच जणांची असेल. ही वेबसाईट आम्ही दोनदा नव्याने बांधली. पहिल्यांदा जे बांधलं ते दिसायला चांगलं आणि वागायला वाईट होतं. ते वाईट का होतं, हे कळायला आम्हाला दोन वर्षं लागली.

सुरुवात अगदी जुन्या वेबसाईटपासून करू. हिरवी पार्श्वभूमी, कोपऱ्यात पळणारा एक चित्रातला माणूस, आणि वर सरकणारी लाल ओळ. खरं सांगायचं तर त्या पानावर सगळ्यात जास्त धावायची ती ही ओळ. खाली अध्यक्ष, उपाध्यक्ष, सचिव, खजिनदार यांचे फोटो. त्याखाली माहिती: 'भेटण्याचे ठिकाण: नेहमीच्या ठिकाणी. वेळ: पहाटे.'

हे वाक्य आम्ही इतक्या वेळा वाचलं होतं की त्यात काही चुकीचं आहे असं कधी वाटलंच नाही. समीक्षेचा पहिला धडा इथे आहे. कोणताही मजकूर कोणाला उद्देशून लिहिला आहे हे आधी विचारावं. 'नेहमीच्या ठिकाणी' हे ज्यांना ठिकाण माहीत आहे त्यांनाच सांगणं आहे, आणि त्यांना ते सांगायची गरजच नाही. म्हणजे ज्याला हे वाक्य कळतं त्याला ते नको, आणि ज्याला हवं त्याला ते कळत नाही.

त्यात आणखी एक गोम होती. हा मराठी मजकूर जुन्या, युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये टाईप करून त्याचं चित्र केलेलं होतं. तेव्हा तसंच करायचे, नाहीतर दुसऱ्याच्या संगणकावर अक्षरांऐवजी भलतीच चिन्हं दिसायची. पण चित्रातली अक्षरं शोधयंत्राला सापडत नाहीत, दृष्टिहीन माणसाचा फोन ती वाचून दाखवू शकत नाही, आणि मोबाईलवर ती मुंगीएवढी होतात.

पण त्याच वेबसाईटवर एक पान उत्तम होतं, हेही सांगायला हवं. ते निकालाचं. क्लबची दरवर्षी १० किलोमीटरची शर्यत होते. आमचे एक सभासद शर्यतीच्या संध्याकाळी बसून सगळ्यांची नावं आणि वेळा साध्या तक्त्यात टाईप करायचे. पहिल्यापासून शेवटच्यापर्यंत. ४१ मिनिटंवाल्याची ओळ आणि १ तास ५२ मिनिटंवाल्याची ओळ एकाच उंचीची, एकाच अक्षरात. अकरा वर्षांचे असे अकरा तक्ते. त्यांत सौंदर्य नव्हतं, पण प्रत्येकाची दखल होती.

मग आम्ही आलो. आमच्यातल्या दोघांना संगणकातलं कळत होतं, बाकीच्यांना 'चांगलं दिसलं पाहिजे' एवढं कळत होतं. एक तयार आराखडा विकत घेतला. उघडल्या उघडल्या स्क्रीनभर फोटो: सूर्योदय, सारख्या टी-शर्टमधले पंधरा धावपटू, गळ्यात मेडलं. त्यावर इंग्रजीत मर्यादा ओलांडण्याविषयी काहीतरी. मराठीचं बटण कोपऱ्यात.

हा आराखडा इंग्रजीसाठी केलेला होता, त्यामुळे मराठीचे जे हाल झाले ते बघण्यासारखे होते. मेनूतल्या अक्षरांमध्ये शोभेसाठी जास्तीचं अंतर सोडलेलं होतं. रोमन अक्षरांना ते शोभतं. आपल्याकडे त्याने शिरोरेषा तुटते आणि शब्द दातपडके दिसतात. ओळींमधलं अंतरही तिकडच्या हिशेबाने, म्हणजे वरच्या ओळीतला उकार खालच्या ओळीच्या रफारावर आपटायचा. रंग फिकट राखाडी. वेबच्या सुगम्यतेचे जे आंतरराष्ट्रीय निकष आहेत, ते नेहमीच्या आकाराच्या अक्षरांसाठी पार्श्वभूमीशी किमान ४.५ ला १ एवढा उठाव मागतात. आमची अक्षरं त्याच्या जवळपासही नव्हती. पन्नाशीतल्या माणसाने पहाटे पाच वाजता, चष्मा घरी ठेवून, ते वाचायचं म्हणजे कठीणच.

त्याहून गंभीर होता फॉर्म. 'सभासद व्हा' या पानावर एक रकाना सक्तीचा होता, पुढे लाल चांदणी: 'तुमची १० किलोमीटरची सर्वोत्तम वेळ'. आता जो माणूस आयुष्यात अजून एक किलोमीटर धावलेला नाही, त्याने तिथे काय लिहायचं? रकाना रिकामा ठेवला तर फॉर्म पुढे जात नाही. आम्ही कोणालाही नाही म्हटलं नव्हतं. आमच्या वतीने तो रकाना नाही म्हणत होता.

फॉर्म हा दरवाजा असतो, हे धावण्याच्या इतिहासाला चांगलं माहीत आहे. १९६७ साली बोस्टन मॅरेथॉनमध्ये कॅथरीन स्वित्झर यांनी 'के. व्ही. स्वित्झर' अशा नावाने नोंदणी केली आणि त्या २६१ क्रमांक लावून धावल्या. वाटेत शर्यतीच्या एका अधिकाऱ्याने त्यांना धरून बाहेर काढायचा प्रयत्न केला. त्या शर्यतीत स्त्रियांना अधिकृत प्रवेश मिळाला तो १९७२ साली. तिथे माणूस उघडपणे आडवा आला म्हणून त्याचे फोटो निघाले. लाल चांदणी आडवी येते तेव्हा फोटो निघत नाही. माणूस फोन खाली ठेवतो आणि आपल्याला कळतही नाही.

आम्हाला कळलं ते दोन माणसांमुळे.

पहिल्या सहकारनगरच्या एक बाई. आता त्या क्लबच्या सभासद आहेत. एका रविवारी चहाच्या वेळी त्यांनी सहज सांगितलं, "मी तुमच्याकडे आधीही आले होते हो, वर्षभरापूर्वी." नव्या वेबसाईटवर पत्ता होता, 'तळजाई टेकडी, पुणे', एवढाच. तळजाई केवढी पसरली आहे, आणि किती बाजूंनी वर जाता येतं, ते इथल्या लोकांना सांगायला नको. त्या साडेपाचला एका बाजूला अंधारात उभ्या राहिल्या, आम्ही दुसऱ्या बाजूने वर गेलो. वीस मिनिटं वाट बघून त्या घरी परतल्या. आम्ही विचारलं, फोन का नाही केलात? त्या म्हणाल्या, "नंबर शोधला. सापडला नाही. आणि तो फोटो बघून वाटलं, एवढ्या मोठ्या लोकांना काय विचारायचं?"

दुसरे आमचे एक ज्येष्ठ सभासद. बँकेतून निवृत्त झालेले, वार्षिक शर्यतीत बहुतेक वेळा शेवटून पहिले किंवा दुसरे. वेबसाईट नवी झाल्यावर ते एकदा म्हणाले, "अरे, नातवाला माझं नाव दाखवायला गेलो, तर पान उघडतच नाही. माझं नाव कुठे गेलं?"

त्यांचं नाव आम्ही काढलं होतं. म्हणजे ठरवून नाही. नव्या आराखड्यात 'विजेते' नावाचा सुंदर चौकोन होता, त्यात तीन फोटो मावत. अकरा वर्षांचे तक्ते त्या चौकोनात बसेनात. म्हणून प्रत्येक वर्षाचे पहिले तिघं ठेवले आणि बाकीचे सोडून दिले. जुन्या पानांचे पत्तेही बदलले. वेबचे जनक टिम बर्नर्स-ली यांनी पानांचे पत्ते बदलू नयेत असा आग्रह धरणारं टिपण १९९८ सालीच लिहून ठेवलं आहे. आमच्यातल्या संगणकवाल्यांनी ते वाचलेलंही होतं. वाचलं होतं आणि तरी केलं, म्हणून ही चूक अज्ञानाच्या खात्यात टाकता येत नाही.

इथे एक तुलना करावीशी वाटते. इंग्लंडमध्ये पार्करन नावाचा उपक्रम आहे. २००४ साली २ ऑक्टोबरला लंडनच्या बुशी पार्कमध्ये १३ धावपटूंनिशी तो सुरू झाला. आज तो अनेक देशांत चालतो. शनिवारी सकाळी ५ किलोमीटर, प्रवेश फुकट, व्यवस्था स्वयंसेवकांची. सगळ्यांच्या मागे एक स्वयंसेवक चालत असतो, त्यामुळे शेवटचा नंबर कधीच पाहुण्याचा येत नाही. २०२४च्या फेब्रुवारीत पार्करनने आपल्या वेबसाईटवरून मार्गांचे विक्रम आणि सर्वांत वेगवान धावपटूंच्या याद्या काढून टाकल्या. कारण असं की त्या बघून नवखा माणूस बिचकतो. प्रत्येकाचा स्वतःचा निकाल मात्र ठेवला. यावर तिकडे मोठा वाद झाला. कष्टाने मिळवलेला वेग लपवायचा कशासाठी, असं पुष्कळांनी विचारलं. तो प्रश्नही खोटा नाही. जो चार वर्षं खपून एक मिनिट कमी करतो, त्याचाही हक्क आहे दिसण्याचा.

आता बघा. त्यांनी यादीचा वरचा भाग काढला, आम्ही खालचा. त्यांनी उघडपणे सांगून काढला, लोक भांडले, बाजू मांडल्या गेल्या. आमच्याकडे कोणी भांडलं नाही, कारण आपण काही काढतो आहोत हे आम्हालाच जाणवलं नव्हतं. आम्हाला वाटत होतं आम्ही रंग निवडतो आहोत. प्रत्यक्षात क्लब कोणाचा, हे ठरत होतं. आणि क्लबच्या कोणत्याही सभेत तो ठराव आला असता तर एकमताने फेटाळला गेला असता.

दुसऱ्यांदा बांधायला बसलो तेव्हा संगणक बाजूला ठेवला. त्या बाईंना विचारलं, त्या पहाटे तुम्हाला काय माहीत असायला हवं होतं? त्यांनी पाच गोष्टी सांगितल्या. नेमकं कुठे उभं राहायचं, किती वाजता, किती अंतर, किती वेगाने, आणि मागे पडले तर एकटी पडेन का. पहिल्या पानावर आता याच पाच गोष्टी आहेत, ठसठशीत काळ्या मराठी अक्षरांत. कोणत्या प्रवेशद्वारापाशी, कशासमोर, ते लिहिलं आहे. सोबत नकाशाची खूण आणि त्या रविवारी जबाबदार असणाऱ्याचा नंबर, त्याच्या परवानगीने. वेगाबद्दल लिहिलं: 'नवख्यांचा गट किलोमीटरला साधारण ८ ते ९ मिनिटांनी जातो, मधे चालतो. सगळ्यांत शेवटी क्लबचा माणूस असतो.' फॉन्ट मुक्त घेतला. तो मुंबईच्या एक टाईपचा, देवनागरीचा विचार करून केलेला आहे. ओळी सैल सोडल्या. मोठा फोटो काढल्यावर पान कमजोर नेटवर्कवरही पटकन उघडू लागलं.

निकाल परत मिळवणं सोपं नव्हतं. काही तक्ते इंटरनेट आर्काइव्हच्या वेबॅक मशीनमध्ये सापडले. बाकीचे, ज्यांनी मूळ टाईप केले होते त्या सभासदांच्या वहीत. वही जपली होती, म्हणून बरं. दोन वर्षं मात्र कुठेच मिळाली नाहीत. त्या जागी 'या वर्षाचे निकाल आमच्याकडून हरवले' असं लिहिलं आहे. खजिनदारांना ते वाक्य आवडलं नाही, पण राहिलं.

जुन्या वेबसाईटची एक गोष्ट मात्र परत आणली नाही. तिथे सभासदांच्या यादीत मोबाईल नंबर आणि रक्तगट सगळ्या जगाला दिसायचे. रक्तगट शर्यतीच्या दिवशी डॉक्टरांना हवा, जगाला नको. निकालात नाव ठेवायचं का, हेही आता विचारतो. दोघांनी नको म्हटलं, त्यांच्या ओळीत फक्त वेळ आहे.

मग ही तिसरी वेबसाईट चांगली आहे का? समीक्षकाच्या खुर्चीत बसलो आहोत तर सांगायलाच हवं. ती दिसायला साधी आहे, जवळपास रटाळ. वेगवान धावणाऱ्यांची तक्रार आहे की त्यांच्यासाठी तिथे फारसं काही नाही, आणि ती रास्त आहे. पावसाळ्यात वेळ बदलली ती व्हॉट्सॲपवर लगेच कळली, वेबसाईटवर बारा दिवसांनी. हे सगळ्यांत धोक्याचं आहे, कारण व्हॉट्सॲप ग्रुप म्हणजे पुन्हा 'नेहमीच्या ठिकाणी'च. जे आत आहेत त्यांना सगळं कळतं, बाहेरच्याला शिळी वेळ दिसते. यावर उपाय तांत्रिक नाही. दर गुरुवारी कोणीतरी ते पान उघडून वाचायचं, असा नियम केला आहे. तो किती टिकतो बघू.

आणि मागच्या महिन्यात त्याच बाईंनी आणखी एक चूक दाखवली. त्या म्हणाल्या, "पाच गोष्टी तुम्ही लिहिल्यात. सहावी मी तेव्हा संकोचाने सांगितली नव्हती." जवळचं स्वच्छतागृह कुठे आहे, आणि त्या वेळी ते उघडं असतं का. तीन वेबसाईट झाल्या, ही ओळ एकीवरही नव्हती. आम्ही पुरुषांनी ती कधी शोधलीच नाही. या रविवारी आमच्यातले दोघं पाऊण तास आधी जाऊन ते बघून येणार आहेत, मग ती ओळ लिहू.

तुमच्यापैकी पुष्कळ जण कुठल्या ना कुठल्या मंडळात, ग्रंथालयात, भजनी मंडळात, ट्रेकिंगच्या ग्रुपमध्ये असाल. आज घरी गेल्यावर आपल्या संस्थेचं पान एखाद्या शेजाऱ्याला वाचायला द्या, ज्याला तिथलं काहीही माहीत नाही. त्याला एवढंच विचारा: उद्या इथे यायचं असेल तर कुठे उभं राहशील? तो काय सांगतो ते मधे न बोलता ऐका.