मस्टरवरची नावे : दलित उद्योजकांच्या यशोगाथांविषयी काही प्रश्न

महाविद्यालयात वाणिज्य शाखेच्या मुलांना मी व्यवस्थापनाची तत्त्वे शिकवतो. दरवर्षी सुरुवातीच्या तासांनाच फ्रेडरिक टेलर येतो. १९११ साली त्याचे पुस्तक निघाले आणि तेव्हापासून क्रमिक पुस्तके त्याला शास्त्रीय व्यवस्थापनाचा जनक म्हणून हार घालत आली आहेत. पोलादाच्या कारखान्यात कच्च्या लोखंडाच्या लाद्या वाहणारा मजूर दिवसाकाठी साडेबारा टन माल उचलत होता. टेलरने घड्याळ लावले, कधी उचलायचे नि कधी बसायचे हे ठरवून दिले आणि त्याच मजुराकडून साडेसत्तेचाळीस टन उचलून घेतले. मजुरी १.१५ डॉलरची १.८५ डॉलर झाली. काम जवळजवळ चौपट आणि मजुरीत वाढ साठ टक्के. या मजुराला टेलरने श्मिट हे नाव दिले, आणि असले काम करणारा माणूस बुद्धीने बैलाच्या जातीचा असावा अशा अर्थाचेही लिहून ठेवले. विचार करायचा तो नियोजन कक्षाने. श्मिटने वाकायचे आणि उचलायचे.

हे शिकवताना मी दरवेळी अडखळतो. डोक्याने काम करणारे एकीकडे आणि हातांनी करणारे दुसरीकडे, ही वाटणी माझ्या वर्गातल्या अर्ध्या मुलांना नवी नाही. त्यांच्या आजोबा-पणजोबांना ती कुठल्याही घड्याळाशिवाय समजावून देण्यात आली होती. जातिव्यवस्था ही श्रमाची विभागणी नसून श्रमिकांची विभागणी आहे, हे बाबासाहेबांनी १९३६ साली मांडले. व्यवस्थापनाच्या मराठी पाठ्यपुस्तकांत टेलर आहे, फेयॉल आहे, मेयो आहे. हे एक वाक्य मात्र मला आजवर कुठल्याही पाठ्यपुस्तकात सापडलेले नाही. जणू भारतातले कारखाने जात नसलेल्या देशात उभे राहिले.

या व्यवस्थापनशास्त्राच्याच जोडीला आता 'उद्योजकता विकास' हा विषय आला आहे आणि त्याच्या पाठोपाठ यशोगाथांचा एक नवा वाङ्मयप्रकार आला आहे. त्यातला दलित उद्योजकांच्या यशोगाथांचा भाग आपल्या चळवळीतही मोठ्या प्रेमाने वाचला जातो. २००५ साली पुण्यात मिलिंद कांबळे यांनी दलित इंडियन चेंबर ऑफ कॉमर्स अँड इंडस्ट्री स्थापन केली, तेव्हापासून 'नोकऱ्या मागणारे होऊ नका, देणारे व्हा' हे वाक्य आपल्या मेळाव्यांत घुमते आहे. २०१४ साली देवेश कपूर, डी. श्याम बाबू आणि चंद्रभान प्रसाद यांचे दलित उद्योजकांवरचे इंग्रजी पुस्तक आले. मराठीतही लहानमोठी पुस्तके, विशेषांकांतले लेख, सत्काराच्या स्मरणिका यांची रीघ लागली. या लेखनाकडे साहित्य म्हणून कोणी पाहिलेले नाही. ते पाहायला हवे, कारण माझे विद्यार्थी आज दलित आत्मकथनांपेक्षा हेच जास्त वाचतात.

आधी एक कबुली देतो. मला या यशोगाथा वाचताना आनंद होतो. आपला माणूस विमानाने फिरतो, त्याच्या हाताखाली शेकडो माणसे आहेत, बँकेचा मॅनेजर त्याच्यासाठी खुर्ची सोडून उठतो, हे वाचताना छाती फुगते. ती फुगूही नये असे म्हणणाऱ्या पांढरपेशा डाव्यांचा मला राग येतो. गोपाळ गुरू यांनी २०१२ साली दलित कोट्यधीश या घटनेला कमी तीव्रतेचा देखावा म्हटले. त्यांचा युक्तिवाद मला पटतो, पण तो पटताना आपल्याच घरातला दिवा फुंकून टाकल्यासारखे वाटते. उद्योगधंद्यात आपण किती मागे आहोत हे आकडेच सांगतात. २००५ च्या आर्थिक गणनेनुसार देशातल्या एकूण उद्योग-व्यवसायांपैकी अनुसूचित जातींच्या मालकीचे ९.८ टक्के होते आणि लोकसंख्येतला वाटा १६.४ टक्के. त्या ९.८ टक्क्यांतही एकट्याच्या जिवावर चालणाऱ्या टपऱ्या, चपलांची दुकाने, हातगाड्या भरपूर. तेव्हा कोणी कारखाना काढला तर तो आनंदाचाच विषय आहे.

माझा आक्षेप या लेखनाच्या घडणीवर आहे. प्रत्येक यशोगाथेत एकच माणूस असतो. गरिबी, अपमान, जिद्द, पहिले कर्ज, पहिले कंत्राट, गाडी, पुरस्कार. हा क्रम सहसा चुकत नाही. संतचरित्रांत जसे चमत्कार ठरलेले, तसे इथले प्रसंग ठरलेले. कारखाना येतो, पण कामगार येत नाही. पगार किती, पाळी किती तासांची, भविष्यनिर्वाह निधी कापला जातो का आणि कापला तर भरला जातो का, शौचालय आहे का, बाईला बाळंतपणाची रजा मिळते का, हे काही नाही. दलित साहित्याने पन्नास-साठ वर्षे ज्या माणसाला पानावर आणले, तो माणूस या पानांतून पुन्हा बाहेर काढला गेला आहे आणि या वेळी ते आपल्या हातून झाले आहे.

कल्पना सरोज यांची गोष्ट घ्या. अकोला जिल्ह्यातल्या खेड्यातली मुलगी, बालविवाह, सासरचा छळ, मुंबईत कपड्यांच्या कारखान्यात दिवसाला दोन रुपये रोजाने काम, आणि पुढे कमानी ट्यूब्जच्या अध्यक्षा. २०१३ साली पद्मश्री. ही गोष्ट खरी आहे आणि थोर आहे. पण कमानी ट्यूब्जलाही एक गोष्ट आहे. कुर्ल्याचा हा कारखाना कमानी घराण्याचा. मालकांच्या भाऊबंदकीत तो बंद पडला. कामगारांच्या युनियनने तो स्वतः चालवायला मागितला आणि १९८८ साली सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने तो कामगारांच्या सहकारी संस्थेच्या ताब्यात आला. भारताच्या औद्योगिक इतिहासात हे फार क्वचित घडले आहे. काही वर्षे कामगारांनी तो चालवला. पुढे तो पुन्हा आजारी पडला, कर्जात रुतला. तेव्हा कामगारच मदत मागायला कल्पना सरोज यांच्याकडे गेले आणि २००६ साली त्या अध्यक्षा झाल्या. यशोगाथांत हा मधला भाग एक-दोन वाक्यांत उरकला जातो, तोही 'मालक फार झाले, काम करणारे उरले नाहीत' अशा थट्टेच्या सुरात. कामगार मालक झाले तेव्हा नेमके काय चुकले? भांडवल मिळाले नाही, की बाजार गेला, की आपसांत फाटले? हजारो दलित कामगार आज बंद गिरण्यांच्या नि कारखान्यांच्या जागेवर टॉवर पाहत उभे आहेत. त्यांच्या दृष्टीने हा प्रश्न अध्यक्षांच्या जिद्दीइतकाच मोलाचा नाही काय? नायकाच्या गोष्टीला तो परवडत नाही, म्हणून तो गाळला जातो.

याच्यासमोर बाबूराव बागुलांची 'जेव्हा मी जात चोरली होती' ही कथा ठेवून पाहा. त्याच नावाचा संग्रह १९६३ चा. तिचा निवेदक गुजरातेत रेल्वेच्या नोकरीवर जातो आणि जात लपवतो. तिथे काशीनाथ हा दुसरा दलित कामगार आहे, तो काहीही लपवत नाही, उलट अंगावर घेतो. मी ही कथा वाणिज्याच्या वर्गात सांगतो, कारण कामाच्या जागेचे असे विश्लेषण मला व्यवस्थापनाच्या ग्रंथांत सापडले नाही. रेल्वेच्या कागदावर सगळे सारखे आहेत. पद, पगार, ड्यूटी सारखी. पण खोली कोण देणार, चहा कोण पाजणार, घरी जेवायला कोण बोलावणार, हे कागदाबाहेर ठरते आणि मार बसतो तोही कागदाबाहेर. ज्या दुनियेत शिस्त, नियम आणि कार्यक्षमता यांचे राज्य आहे असे आपल्याला शिकवले जाते, तिच्या तळाशी दुसरीच दुनिया चालू असते. मुंबईच्या गिरण्यांत हेच होते. विणकाम खात्यात पगार जास्त. तिथे धाग्याचे टोक तोंडाने ओढून धोट्यात घ्यावे लागे, म्हणून अस्पृश्यांना त्या खात्यात प्रवेश नव्हता. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी ही अडवणूक उठवण्याची मागणी पुढे रेटली, तेव्हा लाल बावट्याच्या पुढाऱ्यांनी ती नाइलाजाने मागण्यांच्या यादीत घेतली. गिरणीमालकांनी जबाबदारी कामगारांवर ढकलली, आणि कामगार मुकाट राहिले.

आज धोटा गेला. पण खासगी कंपन्यांत भरती करणाऱ्या अधिकाऱ्यांशी बोलून सुरिंदर जोधका आणि कॅथरीन न्यूमन यांनी २००७ साली दाखवले, की उमेदवाराची 'कौटुंबिक पार्श्वभूमी' विचारणे त्यांना अगदी साहजिक वाटते. वडील काय करतात, भावंडे किती शिकली, घर कुठे. त्याच वर्षी सुखदेव थोरात आणि पॉल अॅटवेल यांचा अभ्यास आला. ५४८ जाहिरातींना ४,८०८ अर्ज पाठवले गेले, पात्रता सारखी, फरक फक्त आडनावांचा. दलित आडनावाच्या अर्जाला बोलावणे येण्याची शक्यता सवर्ण आडनावाच्या जवळपास दोन-तृतीयांश निघाली. 'माझी गुणवत्ता पाहा, जात नको' असे यशोगाथांचे नायक सांगतात. पाहणारा ती कशी पाहतो, हे या आकड्यांत आहे.

इथे मला माझ्या घरातले सांगावे लागेल. माझी आई विड्या वळायची. तेंदूपत्ता भिजवायचा, फरम्यावर कापायचा, सुपात तंबाखू घेऊन बसायचे. संध्याकाळी हजारी मोजून ठेकेदाराकडे नेली की तो मूठभर विड्या उचलून बाजूला टाकायचा. ती 'छाट'. छाटीचे पैसे नाहीत, आणि छाट परतही मिळत नसे. १९६६ च्या बिडी कामगार कायद्याचे नाव आमच्या वस्तीत कोणी ऐकले नव्हते. ठेकेदार आमच्याच वस्तीतला, आमच्याच जातीचा. चौदा एप्रिलला सर्वांत मोठी वर्गणी त्याची, निळा झेंडा पहिल्यांदा त्याच्या अंगणात लागे. आई त्याला 'दादा' म्हणायची. कंपनी त्याला वरून किती नाडते हे मला फार नंतर कळले. पण लहानपणी मला एवढेच दिसे, की दादाचा हात आईच्या विड्यांवरून फिरतो आणि त्या दिवशीचे तेल कमी येते. बिडी कामगारांच्या याच दुनियेत कामठीचे बाबू हरदास यांनी संघटना बांधली आणि अवघ्या पस्तिशीत १९३९ साली ते गेले. 'जय भीम' हे अभिवादन रुजवण्याचे श्रेय आपण त्यांना देतो. बिडी मजुरांची त्यांची संघटना मात्र आपल्या भाषणांत क्वचितच येते.

गेल्या वर्षी माझा एक जुना विद्यार्थी भेटला. त्याने सफाई कामगार पुरवण्याची एजन्सी काढली आहे. एका कार्यालयाचे कंत्राट त्याच्याकडे आहे. मी त्याला विचारले, किमान वेतन देतोस का? तो थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "सर, दर पाडून निविदा भरली नाही तर काम मिळत नाही. आणि भरली तर त्या दरात किमान वेतन बसत नाही. तुम्हीच सांगा काय करू." त्याची बिले चार-चार महिने अडकतात. लघुउद्योगाचे पैसे जास्तीत जास्त पंचेचाळीस दिवसांत द्यावेत असा २००६ चा कायदा आहे, पण कायदा दाखवला तर पुढचे कंत्राट जाते. मधल्या काळात कामगारांना पगार द्यायला तो खासगी सावकाराकडून व्याजाने पैसे उचलतो. त्याच्या मस्टरवर मी नजर टाकली. एकूण एक आडनावे आपली. झाडू आपल्या हातात, कंत्राट आपल्या हातात, आणि ज्यांच्या इमारती झाडायच्या ते हात धुऊन मोकळे. सरकारी खरेदीत अनुसूचित जाती-जमातींच्या लघुउद्योगांसाठी चार टक्के वाटा असावा असे धोरण २०१२ पासून आहे. सुरुवातीची कैक वर्षे प्रत्यक्ष खरेदी त्याच्या जवळपासही गेली नाही. २०१६ ची स्टँड-अप इंडिया योजना आली, बँकेच्या प्रत्येक शाखेने दहा लाख ते एक कोटीचे कर्ज द्यावे असे ठरले. माझ्या विद्यार्थ्याला शाखेत विचारले गेले, तारण काय?

त्याला दोष देऊन मोकळे होणे सोपे आहे. मुंबईच्या २,७०० कंत्राटी सफाई कामगारांना कायम करण्याचा निकाल २०१७ साली सर्वोच्च न्यायालयात टिकला, तेव्हा ज्या युनियनने वर्षानुवर्षे लढा दिला तिचे मी वर्गात कौतुक करतो. तो विद्यार्थीही त्या वर्गात असता तर त्याने टाळी वाजवली असती. आता तो टेबलाच्या पलीकडे आहे. १९३८ साली मनमाडला रेल्वे कामगारांसमोर बाबासाहेबांनी ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे दोन शत्रू सांगितले होते. आपल्यातले काही जण आता पहिल्याचाच शत्रुभाव ठेवून दुसऱ्याशी सोयरीक करू पाहतात आणि काही जण दुसऱ्याचे नाव घेत पहिल्याकडे काणाडोळा करतात. माझा विद्यार्थी या दोहोंच्या मध्ये चेपला गेला आहे, आणि त्याच्या खाली त्याची सफाईवाली बाई.

ही अवस्था आपल्या साहित्यात का नाही? 'बलुतं' १९७८ चे. त्यातल्या कावाखान्यातली माणसे कशी जगतात, काय विकतात, काय वेचतात हे दया पवारांनी लिहिले. ऊर्मिला पवारांच्या 'आयदान'मध्ये विणलेल्या टोपल्या पोचवायला गेलेल्या मुलीच्या हातावर वरून नाणे टाकले जाते आणि टोपल्यांवर पाणी शिंपडून मगच त्या घरात घेतल्या जातात. माल चालतो, बनवणारी चालत नाही. बाजारपेठेवर याहून नेमके भाष्य मला कुठल्या अर्थशास्त्रज्ञाकडे आढळले नाही. पण ज्याच्या हातात मस्टर आहे अशा दलिताचे आत्मकथन आपल्याकडे आलेले नाही. आपला नायक बहुधा नोकरीपर्यंत येतो आणि थांबतो. त्यापुढची जागा यशोगाथांनी भरली, आणि स्तुतीने भरली. आपण लिहिणारे बहुतेक मास्तर नि कारकून, आपल्याला मालकाच्या मनाची माहिती नाही, हेही एक कारण असेल.

विद्यार्थ्याला मी म्हटले, हे सगळे लिहून काढ. निविदा कशी भरलीस, पगार कसा कापलास, कोणाच्या पुढे कितीदा उभा राहिलास, सगळे. तो हसला आणि म्हणाला, "लिहिले तर कंत्राट जाईल, सर." नाव न देता लिहिले तरी चालेल. आले तर संपादकांनी ते छापावे आणि त्याच्याच पुढच्या पानावर त्याच्या मस्टरवरच्या एखाद्या बाईला बोलते करावे, एवढे सुचवतो.