सोडियम-आयन बॅटरीतील कॅथोड द्रव्ये : क्षमतेच्या आकड्याची चिकित्सा

प्रस्तावना : लिथियमला पर्याय म्हणून सोडियम-आयन बॅटरीचा विचार होऊ लागल्यापासून कॅथोड द्रव्यांवरील शोधनिबंधांची संख्या वाढली आहे. सोडियम मुबलक आहे, मात्र त्याचा आयन लिथियमच्या आयनापेक्षा मोठा (१.०२ विरुद्ध ०.७६ अँगस्ट्रॉम) असल्याने त्याच्या ये-जा करण्याने कॅथोडच्या स्फटिकरचनेवर अधिक ताण पडतो. म्हणूनच कॅथोडची सुधारणा हा या संशोधनाचा गाभा ठरतो. ही सुधारणा ज्या मापाने मोजली जाते, त्याची चिकित्सा करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

विवेचन : २०१२ साली जपानमधील शिनिची कोमाबा यांच्या गटाने लोह व मँगनीज समप्रमाणात असलेल्या पी-२ प्रकारच्या स्तरित ऑक्साइडची क्षमता १९० मिलिअँपिअर-तास प्रति ग्रॅम असल्याचे प्रसिद्ध केले. कोबाल्ट व निकेल टाळून एवढी क्षमता मिळविणे ही निःसंशय मोलाची कामगिरी होती. परंतु या द्रव्याच्या एका सूत्रात सोडियम दोन-तृतीयांशच असते. सूत्रवस्तुमान सुमारे १०३ धरल्यास, त्यातील सर्व सोडियम बाहेर काढले तरी क्षमता सुमारे १७४ इतकीच भरते. वरचा वाटा अर्धघटातील सोडियम धातूने पुरविलेला असतो. प्रत्यक्ष बॅटरीत त्या जागी सामान्यतः हार्ड कार्बन असतो. त्याच्याजवळ देण्यास सोडियम नसते. उलट पहिल्याच प्रभारणात तो काही सोडियम कायमचे अडकवून ठेवतो.

अन्य पर्यायांनाही मर्यादा आहेत. ओ-३ प्रकारच्या ऑक्साइडांत सोडियम भरपूर असते, पण त्यांपैकी अनेक हवेतील आर्द्रतेने बिघडतात. सोडियम व्हॅनेडियम फॉस्फेटची चौकट टिकाऊ आहे. तथापि त्याची सैद्धांतिक क्षमता सुमारे ११७ असून महाग व्हॅनेडियममुळे स्वस्ताईचा मूळ हेतूच दुरावतो.

निष्कर्ष : महाविद्यालयीन प्रयोगशाळांत बहुधा अर्धघटावरच चाचणी होते व त्यात गैर काही नाही. मात्र मिळालेल्या क्षमतेपैकी किती वाटा कॅथोडच्या स्वतःच्या सोडियमचा आहे, हे प्रत्येक प्रबंधात नमूद व्हावयास हवे. त्यासाठी नवे उपकरण लागत नाही. फॅराडेच्या नियमावरील एक गणित पुरते. ते न मांडता केवळ मोठा आकडा पुढे ठेवल्यास विद्यार्थी द्रव्याऐवजी चाचणीच्या मांडणीलाच गुण देत राहतील.