अमेरिकेच्या कागदांत आपला मुलूख

रॉबर्ट वाइल्डर हा अमेरिकन पाद्री १८६३ साली कोल्हापुरात जन्मला. वडील रॉयल वाइल्डर आधी अहमदनगरला होते आणि १८५२ पासून कोल्हापुरात मिशन चालवत होते. मुलगा पुढे प्रिन्स्टनला शिकला. १८८६ च्या उन्हाळ्यात मॅसॅच्युसेट्समधल्या माउंट हर्मन इथल्या विद्यार्थी शिबिरात परदेशी धर्मकार्याला वाहून घेण्याची शपथ सुमारे शंभर तरुणांनी घेतली, तिच्यामागे या कोल्हापूरच्या मुलाची मोठी खटपट होती. त्या शपथेतून उभ्या राहिलेल्या विद्यार्थी चळवळीनं पुढच्या काही दशकांत हजारो अमेरिकन तरुण-तरुणी चीन, जपान, कोरिया आणि हिंदुस्थानात पाठवले. चीन म्हणजे काय, हे सामान्य अमेरिकन माणसाला पहिल्यांदा कळलं ते बरंचसं या लोकांच्या पत्रांतून, चर्चमधल्या भाषणांतून आणि वर्गणीच्या आवाहनांतून.

अमेरिका आणि आशिया यांच्या संबंधांचा इतिहास कुठून सुरू करायचा, हा प्रश्न आला की मला हे घराणं आठवतं. परदेशी गेलेल्या मिशनऱ्याकडे अमेरिकन इतिहासकारांनी पाहिलेलंच नाही, ही तक्रार हार्वर्डचे जॉन किंग फेअरबँक यांनी १९६८ साली अमेरिकन हिस्टॉरिकल असोसिएशनच्या अध्यक्षपदावरून मांडली. त्यानंतर त्या देशात या विषयावर भरपूर काम झालं. मात्र त्याचा रोख बहुतेक चीन-जपानकडे राहिला. कोल्हापूर, मिरज, अहमदनगर, बेळगाव ही नावं आली तर तळटीपेत. मराठीत तर या धाग्याचा पाठपुरावा मला कुठं वाचायला मिळालेला नाही.

या विषयाचा इतिहासकार घडतो कसा, हे पाहण्यासारखं आहे. फेअरबँक १९३२ साली चीनला गेले, तिथं राहून भाषा शिकले, चिनी कागद वाचू लागले आणि मग १९३६ पासून हार्वर्डला शिकवत राहिले. १९४८ चं त्यांचं अमेरिका-चीन संबंधांवरचं पुस्तक कित्येक पिढ्यांनी वाचलं. मॅकार्थीच्या कम्युनिस्टविरोधी मोहिमेच्या दिवसांत त्यांच्या निष्ठेवर संशय घेतला गेला, तरी त्यांनी विषय सोडला नाही. अकिरा इरिये यांची गोष्ट मला त्याहून मोलाची वाटते. १९३४ साली टोकियोत जन्मलेला, युद्धात हरलेल्या देशाचा हा मुलगा अमेरिकेत शिकायला आला आणि १९८८ साली फेअरबँकच्याच खुर्चीवर, असोसिएशनच्या अध्यक्षपदावर बसला. दोन्ही बाजूंचे कागद मूळ भाषांत वाचणारा माणूस, ही त्यांची खरी ताकद. वॉशिंग्टनमध्ये एखादा निर्णय झाला तेव्हा टोकियोत त्याचा अर्थ काय लावला गेला, हे ते दोन्हीकडच्या दप्तरांतून दाखवू शकत. एकाच बाजूचे कागद वाचून लिहिलेला संबंधांचा इतिहास म्हणजे एका पक्षाची कैफियत ऐकून दिलेला निकाल.

आता आपल्याकडे या. मराठीत अमेरिकेवर लिहिलेलं काही थोडंथोडकं नाही. प्रवासवर्णनं आहेत, तिकडं स्थायिक झालेल्यांची आत्मकथनं आहेत आणि वृत्तपत्रांत परराष्ट्र धोरणावरचे स्तंभ तर रोजचे आहेत. प्रवासवर्णनांची सुरुवातच शिखरापासून झाली. पंडिता रमाबाईंचं ‘युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त’ १८८९ साली निघालं. आनंदीबाई जोशींच्या पदवीदानाला म्हणून मार्च १८८६ मध्ये रमाबाई फिलाडेल्फियात पोचल्या आणि जवळजवळ पावणेतीन वर्षं त्या देशात फिरल्या. व्याख्यानं दिली, पैसा उभा केला, शाळा, तुरुंग, स्त्रियांच्या संस्था पाहिल्या आणि जपानमार्गे परतल्या. त्या पुस्तकात राज्यव्यवस्था आहे, शिक्षण आहे, बायकांच्या संघटना आहेत. मूळच्या रहिवाशांशी आणि काळ्या लोकांशी गोऱ्यांनी कसं वागावं आणि ते कसं वागले, याचा कठोर हिशेबही आहे. कौतुक आणि परखडपणा एकाच लेखणीत मावू शकतो, हे रमाबाईंनी दाखवलं. त्यानंतरच्या शंभर वर्षांतल्या आपल्या बहुतेक अमेरिका-वर्णनांनी ही उंची गाठली नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. त्यांत नायगारा आला, उंच इमारती आल्या, मुलाचं घर आलं, पण ज्या देशात आपण उभे आहोत त्याचा आपल्या देशाशी व्यवहार काय, हा रमाबाईंचा प्रश्न मागे पडला.

स्तंभलेखनाची अडचण वेगळी. तिथं आजच्या दौऱ्याचा, करारांचा, जकातीचा विचार होतो. तो व्हायलाच हवा, पण १९७१ च्या युद्धात अमेरिकेनं धाडलेल्या सातव्या आरमाराच्या पलीकडे मागे जायला कुणी तयार नसतं. अमेरिकन परराष्ट्र खातं १८६१ पासून आपल्या राजनैतिक पत्रव्यवहाराचे खंड छापत आलं आहे, आणि आता ते घरबसल्या फुकट वाचता येतात. बेळगावातल्या अनगोळच्या एखाद्या खोलीत बसून निक्सन आणि किसिंजर यांच्यातली संभाषणं वाचता येतात. तरीही मराठी लेखांत त्यांचा आधार क्वचित दिसतो.

या उणिवेत एक नाव उठून दिसतं ते मीरा कोसंबी यांचं. राजनयाच्या इतिहासकाराच्या रूढ व्याख्येत त्या बसत नाहीत. शिक्षणानं समाजशास्त्रज्ञ, डॉक्टरेट स्टॉकहोमची, नोकरी एसएनडीटीच्या स्त्री-अभ्यास केंद्राची. पण महाराष्ट्र आणि अमेरिका यांच्यातल्या देवाणघेवाणीचे कागद त्यांच्याइतके कुणी उलगडले नाहीत. रमाबाईंचं अमेरिकेवरचं पुस्तक त्यांनी इंग्रजीत आणलं आणि ते २००३ मध्ये अमेरिकेतच छापलं गेलं. गंमत म्हणजे त्याच वर्षी त्याच पुस्तकाचा दुसरा एक इंग्रजी अनुवादही तिकडं निघाला. शंभर वर्षं कुणाला न लागलेलं पुस्तक अमेरिकन अभ्यासकांना एकाएकी हवंसं वाटलं, कारण आपल्या देशाकडे आशियातल्या एका बाईनं कसं पाहिलं हे त्यांना जाणून घ्यायचं होतं. आनंदीबाईंवरचं कोसंबींचं काम त्यांच्या निधनानंतर, २०२० साली पुस्तकरूपानं आलं.

त्यांच्या घरातच हा विषय होता. आजोबा धर्मानंद गोव्यातल्या सांखवाळचे. पालीसाठी नेपाळ, श्रीलंका, ब्रह्मदेश पालथे घालून १९१० मध्ये ते हार्वर्डला गेले, ‘विसुद्धिमग्ग’ या ग्रंथाच्या संपादनासाठी. संपादनाच्या श्रेयावरून प्राध्यापक लॅनमन यांच्याशी त्यांचं बिनसलं. अमेरिकेच्या पुन्हा वाऱ्या झाल्या, आणि अखेर ग्रंथ हार्वर्डच्या मालेत निघाला तो १९५० साली, धर्मानंद जाऊन तीन वर्षं झाल्यावर. हिंदुस्थानी पंडिताचं ज्ञान अमेरिकन विद्यापीठाला हवं होतं, मात्र मुखपृष्ठावर त्याचं नाव कुठं आणि किती ठळक असावं यावर वाद होता. अमेरिका-आशिया संबंधांचा हा एक संपूर्ण अध्याय आहे, आणि त्यात एकही राजदूत नाही. मुलगा दामोदर हार्वर्डचा पदवीधर, नात मीरा या देवाणघेवाणीच्या कागदांची संपादक. धर्मानंदांचं ‘निवेदन’ हे आत्मचरित्र तिनंच इंग्रजीत नेलं. हे सगळं काम इंग्रजीत झालं, याची खंत वाटते, पण दोष तिचा नाही. अशा कामाला मराठीत प्रकाशक, वाचक आणि पगार यांतलं काय मिळालं असतं?

उलट्या दिशेनं आलेल्यांचा विचार केला की तुलना आणखी बोचते. नॉर्मन ब्राउन यांच्या पुढाकारानं १९६१ मध्ये अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन स्टडीज ही संस्था उभी राहिली आणि तिनं आपलं पहिलं बस्तान पुण्याच्या डेक्कन कॉलेजात मांडलं. आयोव्हातल्या एलिनॉर झेलियट त्याच काळात महाराष्ट्रात आल्या, मराठी शिकल्या, वस्त्यावस्त्यांतून हिंडल्या. १९६९ मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात त्यांनी आंबेडकर आणि महार चळवळीवर प्रबंध दिला, तेव्हा आपल्या विद्यापीठांना तो प्रबंधाचा विषय वाटत नव्हता. पुढं १९९७ पर्यंत त्या कार्लटन कॉलेजात शिकवत राहिल्या, आणि दरम्यान त्यांचे विद्यार्थी पुण्यात येत राहिले. गेल ऑम्व्हेट त्याच कॉलेजच्या विद्यार्थिनी. त्या तर कासेगावच्याच झाल्या. या दोघींचं ऋण मोठं आहे. पण त्यांनी लिहिलं ते आपल्याबद्दल. त्या इथं आल्या कशा, कुणाच्या पैशानं, अमेरिकेला तेव्हा भारताची एवढी उत्सुकता का वाटली, हा इतिहास आपण लिहायचा होता.

त्यातला पैसा कुठून आला ते गव्हाच्या गोष्टीत कळतं. १९५४ च्या पीएल-४८० कायद्याखाली अमेरिकन गहू आला आणि त्याची किंमत भारतानं रुपयांत भरली. त्या साठलेल्या रुपयांतला काही भाग अभ्यासवृत्त्यांना गेला, आणि १९६२ पासून लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या दिल्ली कार्यालयामार्फत मराठीसह भारतीय भाषांतली पुस्तकं घेऊन अमेरिकन विद्यापीठांना पाठवली गेली. म्हणून आपल्या तालुक्याच्या वाचनालयातून नाहीसा झालेला एखादा मराठी कथासंग्रह आज शिकागोत सापडतो.

याच गव्हाबरोबर गाजर गवत आलं, असं आमच्याकडे शेतावरचा प्रत्येकजण सांगतो. अनगोळच्या भाताच्या बांधांवर, रिकाम्या प्लॉटवर ते गुडघाभर माजतं, हाताला लागलं की खाज सुटते. पण तारखा पाहा. पुण्यात या तणाची शास्त्रीय नोंद प्रसिद्ध झाली १९५६ साली, म्हणजे तण त्याआधीच रुजलं होतं. पीएल-४८० चा भारताशी पहिला करार ऑगस्ट १९५६ चा. म्हणजे रूढ समजूत जशीच्या तशी टिकत नाही. १९५१ साली कर्जाऊ आलेल्या अमेरिकन धान्याकडे तरी बोट दाखवावं लागेल किंवा आणखी मागे जावं लागेल. इतिहासकाराचं काम इथंच सुरू होतं, बंदरांच्या नोंदी आणि वनस्पतिशास्त्रज्ञांचे नमुने एकत्र ठेवून. शेतकऱ्याच्या बांधावरचा प्रश्न आणि परराष्ट्र खात्याचं दप्तर यांची गाठ घालणारा असा एखादा मराठी प्रबंध मला वाचायचा आहे.

आमच्या बेळगावकडच्या सीमाभागाला तर या विषयाचं घबाड लाभलं आहे. १८४० च्या दशकात कंपनी सरकारनं अमेरिकेच्या दक्षिणेतले कापूस-मळेवाले पगार देऊन हिंदुस्थानात आणले. बहुतेक ठिकाणी त्यांचा प्रयोग फसला, पण न्यू ऑर्लिन्सचं बियाणं धारवाड-हुबळीच्या काळ्या मातीत रुजलं आणि ‘धारवाड-अमेरिकन’ या नावानं बाजारात ओळखलं जाऊ लागलं. मळेवाले ज्या मुलखातून आले तिथला कापूस गुलामांच्या हातांनी वेचला जाई. त्या गुलामगिरीवरून तिकडं १८६१ मध्ये यादवी पेटली, मँचेस्टरचा पुरवठा तुटला आणि इकडं कापसाचे भाव आभाळाला भिडले. युद्ध संपताच ते कोसळले आणि सावकारी कर्ज मागे राहिलं. १८७३ मध्ये जोतीराव फुल्यांनी ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकन जनतेला. अर्पणपत्रिका आपण भाषणांतून उद्धृत करतो. पण ज्या बाजारानं मिसिसिपीचा गुलाम आणि आपल्याकडचा कुणबी एका तागडीत आणले, त्या बाजारासह ती वाचली तर जोतीरावांच्या नजरेचा पल्ला कळतो. स्वेन बेकर्ट यांच्या कापसाच्या जागतिक इतिहासात वऱ्हाड ठळकपणे आहे. धारवाड-बेळगाव अजून वाट पाहतं आहे.

पुढचा दुवा निपाणीचा. कोलंबिया विद्यापीठाचे माजी विद्यार्थी आंबेडकर १९२५ साली निपाणीत भरलेल्या बहिष्कृतांच्या प्रांतिक परिषदेचे अध्यक्ष होते. १९४६ मध्ये त्यांनी काळ्या अमेरिकनांचे नेते डब्ल्यू. ई. बी. डू बॉइस यांना पत्र लिहून संयुक्त राष्ट्रांपुढच्या त्यांच्या अर्जाची चौकशी केली. ते पत्र आज मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या संग्रहात आहे. चां. भ. खैरमोडे यांनी आंबेडकर चरित्राच्या खंडांत अमेरिकेतल्या दिवसांची माहिती चिकाटीनं जमवली, ते काम पायाभूत आहे. त्यावर चढवायचा मजला मात्र निको स्लेट, स्कॉट स्ट्राउड अशा अमेरिकन अभ्यासकांनी बांधला.

आणि डॉ. ना. सु. हर्डीकर? धारवाडला जन्मलेला हा डॉक्टर १९१३ मध्ये अमेरिकेत गेला, मिशिगनला सार्वजनिक आरोग्य शिकला आणि मग न्यूयॉर्कमध्ये लाला लजपतरायांचा उजवा हात झाला. इंडियन होमरूल लीगच्या शाखा, ‘यंग इंडिया’ मासिक, अमेरिकन कामगार आणि खासदार यांच्यापुढची भाषणं, या साऱ्यात तो होता. १९२१ मध्ये परतला, सेवादल उभारलं. १९२४ च्या डिसेंबरात टिळकवाडीत, म्हणजे अनगोळच्या शेजारी, गांधीजींच्या अध्यक्षतेखाली काँग्रेस भरली तेव्हा त्याचे स्वयंसेवक राबत होते. मग बेळगाव जिल्ह्यातच घटप्रभेच्या आरोग्यधामाच्या कामात तो उतरला. शिस्तीच्या कवायती आणि सार्वजनिक आरोग्याची कल्पना यांत मिशिगन किती आणि आपली माती किती, हा प्रश्न शतकभर तसाच पडला आहे. त्या अधिवेशनाची आठवण असलेल्या काँग्रेस विहिरीजवळ दरवर्षी कार्यक्रम होतात. तिथल्या भाषणांत हर्डीकरांचं सेवादल येतं, त्यांची अमेरिकेतली आठ वर्षं येत नाहीत.

हे काम करणारा मुलगा किंवा मुलगी कुठून यायची? इतिहास घेऊन बी.ए. झालेल्याला स्पर्धा परीक्षेचे वर्ग दिसतात, प्राध्यापकीची जागा निघायला वर्षानुवर्षं लागतात, आणि संशोधन करायचं तर मार्गदर्शक स्थानिक विषय सुचवतो, कारण परदेशी दप्तरांचा खर्च झेपणार नाही असं गृहीत धरलेलं असतं. ते गृहीत आता जुनं झालं आहे. अमेरिकन बोर्ड या मिशनचे कागद हार्वर्डच्या हॉटन ग्रंथालयात आहेत, प्रेस्बिटेरियन मिशनचे फिलाडेल्फियात आणि बेळगावात विसाव्या शतकाच्या सुरुवातीला आलेल्या मेथडिस्टांचे न्यू जर्सीत. त्यांच्या याद्या जालावर वाचता येतात, प्रती मागवता येतात. उलट इकडचं अर्धं साहित्य आपल्यावाचून कुणाला वाचता येणार नाही. मिरजेच्या वॉनलेस मिशन इस्पितळात पिढ्यान् पिढ्या बरे होऊन आलेल्यांच्या आठवणी, मिशनच्या ‘ज्ञानोदय’ या नियतकालिकाचे १८४२ पासूनचे अंक, तालुक्यांचे जुने मोडी कागद, घटप्रभेच्या संस्थेचं कन्नड लेखन हे सगळं त्यात येतं. घरी मराठी, कचेरीत कन्नड आणि अभ्यासाला इंग्रजी हे इथल्या मुलांचं रोजचं ओझं आहे. इरिये यांचं बळ भाषांमध्ये होतं. बेळगावच्या मुलाकडे तीन भाषा आहेत, आणि सहा महिने बसला तर मोडीही येईल.

शिवाजी विद्यापीठानं आणि राणी चन्नम्मा विद्यापीठानं मिळून एका विद्यार्थ्याला चार वर्षांची शिष्यवृत्ती द्यावी आणि विषय द्यावा धारवाड-अमेरिकन कापसाचा. एका टोकाला मळेवाल्यांचे कंपनीला गेलेले अहवाल आणि दुसऱ्या टोकाला बैलहोंगल, सौंदत्तीच्या पेठांतल्या अडत्यांच्या वह्या. त्या वह्या कुणाच्या माळ्यावर आहेत ते आत्ताच विचारत फिरायला हवं, कारण जुनी घरं भराभर पाडली जात आहेत.