बॅटरी कुणाच्या हातात? हिवाळी रात्रीच्या छायाचित्रांबद्दल

हा कार्यक्रम खरं तर रात्री जेवणं झाल्यावर व्हायचा. यंदा संध्याकाळी पाचला ठेवलाय आणि त्याचं कारण पिंपळवंडीत कुणाला सांगायची गरज नाही. उसाच्या कडेने ज्यांना घरी जायचंय त्यांनी उजेडात जावं. त्यामुळे झालंय असं, की रात्रीच्या छायाचित्रांवरचं व्याख्यान आम्ही दिवसा देतोय. खिडक्यांवर सतरंज्या टांगल्यात, तरी पडदा फिका दिसतोय. चालवून घ्या.

सुरुवात लांबून करतो, थंड प्रदेशातल्या शहरांपासून. पहिलं चित्र. तारीख २२ फेब्रुवारी १८९३, न्यूयॉर्कचा फिफ्थ अ‍ॅव्हेन्यू, भर हिमवादळ. आल्फ्रेड स्टीग्लिट्झ हातात मावणारा कॅमेरा घेऊन तीन तास उभा राहिला, तेव्हा कुठे ही समोरून येणारी घोडागाडी त्याला हवी तशी मिळाली. पुढे १८९८ मध्ये, नुकताच न्यूमोनियातून उठलेला असताना, हाच गृहस्थ गोठलेल्या रात्री बाहेर पडला. ते हे दुसरं चित्र. बर्फाची वाट, उघडी झाडं, दिव्यांची वलयं. तिसरं चित्र पॅरिसचं, ब्रासाईचं. त्याचं ‘पॅरिस द न्युई’ हे रात्रीच्या पॅरिसवरचं पुस्तक १९३२च्या अखेरीला आलं. हा उघडझाप किती वेळ ठेवायची ते सिगारेटवर मोजायचा. उजेड बरा असेल तर एक गोलवाझ ओढून होईपर्यंत, अंधार जास्त असेल तर जाडजूड बोयार. धुकं आणि पाऊस त्याला आवडायचे, कारण ओल्या रस्त्यावर दिवा दोनदा दिसतो.

हे सगळं सुंदर आहे, यात वाद नाही. पण बघा, हे सौंदर्य उभं कशावर आहे? रस्त्यावरच्या दिव्यांवर. उजेड शहराने आधीच मांडून ठेवलाय, छायाचित्रकाराने फक्त थंडी सोसायची आणि थांबायचं. उजेड कमी पडला की ब्रासाईसुद्धा आतल्या खोल्यांमध्ये मॅग्नेशियमची पूड उडवून लख्ख करायचा. म्हणजे रात्रीच्या फोटोबद्दल बोलताना उजेड कुठून आला आणि तो कुणाचा, हा प्रश्न आम्ही आधी विचारतो. बाकी चौकट, छटा वगैरे नंतर.

आता आपल्याकडे येऊ. वर्तमानपत्रं आपल्याला ‘उत्तर पुणे जिल्हा’ म्हणतात. जुन्नर, आंबेगाव, खेड, शिरूर. इथे बर्फ नाही, पण कुकडीच्या कालव्यावर डिसेंबरात पहाटे जी वाफ धरते ती ब्रासाईला नक्की आवडली असती. आणि या रात्रीचे फोटो कमी नाहीत. गेल्या वीस वर्षांत ते ढिगाने निघालेत. फक्त जवळजवळ सगळ्यांत माणूस नाही, बिबट्या आहे. (इथे त्याला ‘वाघ’च म्हणतात, आम्हीही बोलताना तेच म्हणतो. लिहिताना बिबट्या.)

या प्रकारातलं सगळ्यात गाजलेलं चित्र इथलं नाही, मुंबईचं आहे. मुंबईच्या उत्तर टोकाला, संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाला लागून असलेल्या आरे कॉलनीतलं. नयन खानोलकर यांचं ‘द अ‍ॅली कॅट’. लंडनच्या नॅचरल हिस्ट्री म्युझियमच्या वाइल्डलाइफ फोटोग्राफर ऑफ द इयर स्पर्धेत २०१६ साली शहरी विभागात ते पहिलं आलं. वारली वस्तीतलं बोळ, रात्र, आणि मधून चाललेला बिबट्या. हे चित्र मिळायला चार महिने लागले.

आम्हाला हे चित्र मोलाचं वाटतं, आणि त्याचं कारण बिबट्या नाही. खानोलकरांनी आधी वस्तीतल्या लोकांना विचारलं, त्यांना पटवलं. मग फ्लॅश असे लावले की बोळात रोज असतो तसाच उजेड वाटावा. आणि कॅमेरा असा ठेवला की जनावर चौकट खाऊन टाकणार नाही. म्हणजे उजेड बाहेरून आणलेला आहे, पण त्याने बोळाचा स्वभाव मोडलेला नाही. बिबट्या तिथे राजा म्हणून येत नाही, शेजारी म्हणून येतो. स्पर्धेतल्या वन्यजीव छायाचित्रांत ही गोष्ट फार क्वचित दिसते. तिथे बहुतेकांना डोळ्यात डोळा घातलेला, मिशी न् मिशी मोजता येईल असा चेहरा हवा असतो.

तरीही एक तक्रार आहे. त्या बोळात राहणारी माणसं चौकटीत नाहीत. दारं आहेत, भिंती आहेत, माणूस भिंतीमागे. त्या चित्राने सांगितलं की सहजीवन शक्य आहे, पण ते जगणारं माणूस आपल्याला दिसत नाही. आरेमध्ये हे कदाचित खपून जातं. जुन्नरमध्ये खपत नाही.

याला इतिहास आहे. २००० नंतरच्या काही वर्षांत जुन्नर भागात पकडलेले २९ बिबटे सरासरी ४० किलोमीटरवरच्या जंगलांत नेऊन सोडले गेले. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नंतर हिशेब मांडला, तर माणसांवरचे हल्ले वर्षाला सरासरी ४ होते ते १७ पर्यंत गेले होते. बिबट्या नेऊन सोडला म्हणजे प्रश्न नेऊन सोडला, असं होत नाही. याच अत्रेयबाईंचं काम पुढे आपल्या शेजारच्या अकोले तालुक्यात झालं आणि तिथे वेगळ्याच जातीची रात्रीची छायाचित्रं निघाली, कॅमेरा ट्रॅपची. ती बघायला अगदी रूक्ष असतात. जनावर अर्धं चौकटीबाहेर, गवताचं पातं पांढरंफटक, कोपऱ्यात तारीख. पण अंगावरचे ठिपके प्रत्येक बिबट्याचे वेगळे असतात, आपल्या अंगठ्यासारखे. त्यावरून मोजणी झाली आणि १०० चौरस किलोमीटरमागे सुमारे ५ प्रौढ बिबटे निघाले, तेही उसात आणि घरांच्या आसपास. इतकं स्पष्ट बोलणारं चित्र कलादालनात टांगलेल्या शंभरांत एखादं सापडतं. त्याला सौंदर्याचं ओझं नाही, हे त्याचं भाग्य.

मोबाइलवरचे फोटो, व्हिडिओ यांच्यावर फार वेळ घालवत नाही. गाडीचा झोत, दोन चमकणारे डोळे, मागे कुणीतरी ‘अरे काच वर घे’ म्हणतंय. ते आपण सगळ्यांनी पुढे पाठवलेत. अलीकडे एआयने बनवलेले बिबटेही त्यात मिसळलेत, आणि त्यांनी खरी घबराट केली आहे. एकच निरीक्षण सांगतो. नव्या फोनचा ‘नाइट मोड’ एका क्षणात बऱ्याच चौकटी घेऊन त्या एकमेकींत मिसळतो आणि अंधाराचा निळसर दिवस करतो. शहरातल्या माणसाला तो फोटो दाखवला तर तो म्हणतो, ‘एवढं दिसतंय की! मग भीती कसली?’ या शेतात प्रत्यक्षात दोन पावलांपलीकडचं काही दिसत नाही, हे फोनने पुसून टाकलेलं असतं.

मागच्या वर्षी, २०२५च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात, शिरूर तालुक्यातल्या पिंपरखेड परिसरात काही आठवड्यांत तीन जीव गेले. लोकांनी महामार्ग रोखला, शेवटी एक बिबट्या गोळी घालून मारला गेला. तेव्हाचे फोटो आठवा. मेलेला बिबट्या, रस्त्यावरची गर्दी, आणि गळ्यात खिळ्यांचे पट्टे घालून शेतात काम करणारी माणसं. तो पट्ट्यांचा फोटो जगभर गेला. चांगला होता, पण दिवसाचा होता. ज्या वेळेची भीती म्हणून पट्टा घातला, त्या वेळेचा फोटो कुठे आहे?

ती वेळ कोणती, ते इथे सगळ्यांना माहीत आहे. शेतीची थ्री फेज लाइन आठवड्यातले काही दिवस रात्रीची. डिसेंबरात कांद्याला पाणी हवं, गव्हाला हवं. मग रात्री बाराला स्टार्टर दाबायचा आणि पहाटेपर्यंत दारं धरायची. डोक्याला मफलर, पायात गमबूट, एका हातात खोरं, एका हातात बॅटरी. दिवसा वीज द्या ही मागणी जुनीच आहे, सौर वाहिनीची योजनाही आली. ज्यांच्याकडे अजून पोचली नाही त्यांची रात्र तशीच. शेजारच्या नारायणगावच्या तमाशाची रात्र संदेश भंडारे यांनी ‘तमाशा : एक रांगडी गंमत’ या पुस्तकात टिपून ठेवली. दारं धरणाऱ्याची रात्र आमच्या तरी पाहण्यात नाही.

म्हणून आम्ही दोघांनी गेल्या हिवाळ्यात प्रयत्न केला, इथूनच जवळ, एका ओळखीच्या काकांच्या रानात. त्याची हकिगत सांगणं भाग आहे, कारण त्यात चूक आमची आहे. इतरांना उजेडाबद्दल सुनावणारे आम्ही, सोबत एलईडीचा मोठा दिवा घेऊन गेलो. स्टँडवर लावला, चालू केला. काका बांधावर उभे होते, मागे उसाचा फड. चित्र झकास दिसत होतं. काका ओरडले, ‘ती बत्ती बंद करा आधी! मला ऊस दिसंना झालाय.’

आम्हाला आधी कळलंच नाही. मग कळलं. त्यांचे डोळे तासाभरात अंधाराला सरावलेले होते. उसाची कड, पाचटातली हालचाल, हे त्यांना त्या डोळ्यांनी कळत होतं. आम्ही दिवा लावला आणि त्यांना आंधळं करून फडाकडे पाठ करून उभं केलं, वर ‘थोडं डावीकडे’ असंही म्हणालो. दिवा बंद केल्यावर त्यांनी बराच वेळ काम केलं नाही. खोरं उभं धरून नुसते ऐकत थांबले. मोटारीचा आवाज, चारीतलं पाणी, लांब कुठंतरी कुत्रं. आम्हीही थांबलो. त्या दिव्यात काढलेली चार चित्रं आहेत आमच्याकडे. ती दाखवणार नाही.

पुढच्या वेळी स्टँड, कॅमेरा आणि तीस सेकंदांची उघडझाप, एवढंच नेलं. उजेड फक्त काकांच्या बॅटरीचा. हे बघा, पडद्यावर आलंय. सतरंजी जरा सरळ करा कुणीतरी. काका यात दिसत नाहीत, तीस सेकंदांत ते हलले, पुसले गेले. बॅटरीची रेघ तेवढी राहिली. बांधावरून जाते, वाफ्याशी थांबते तिथे जाड होते, परत फिरते. आणि मध्येच एकदा, हा इथे, ती रेघ वाफा सोडून उसाकडे वळली आहे, थोडा वेळ थांबून परत आलीये.

छायाचित्र म्हणून हे कच्चं आहे. उजवा भाग रिकामा आहे, धुक्यामुळे रेघ फुटली आहे, आणि हा काय प्रकार आहे हे सांगावं लागतं. सांगावं लागणारं चित्र आम्ही एरवी नापास करतो. हे करवत नाही, एवढं कबूल करतो.

काकांना ते फोनवर दाखवलं. त्यांनी चष्मा लावून बराच वेळ बघितलं. आम्हाला वाटलं, आपण कुठे आहोत ते शोधतायत. मग एका काळ्या पट्ट्यावर बोट ठेवून म्हणाले, ‘हा वाफा कोरडाच राहिला की रं त्या रात्री.’