बोरन्हाणाचे दागिने : ठाणे-डोंबिवलीपासून परदेशापर्यंत

संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत लहान मुलाला काळे झबले आणि हलव्याचे दागिने घालून त्याच्या डोक्यावरून बोरे, उसाचे करवे, हरभरे व चुरमुरे ओतण्याचा बोरन्हाण हा सोहळा परदेशस्थ मराठी कुटुंबांत आजही होतो, आणि त्यामागे ठाणे व कल्याण-डोंबिवलीतील घरगुती कारागिरीचाही आधार आहे.

हलवा म्हणजे तीळ, खसखस किंवा साबुदाणा यांवर साखरेच्या पाकाचे थर चढवून केलेला काटेरी दाणा होय. मंद आचेवरच्या परातीत दाणे बोटांनी फिरवीत चमच्याने थोडाथोडा पाक सोडायचा आणि आधीचा थर वाळल्याखेरीज पुढचा द्यायचा नाही, हे काम तासन्‌तास चालते; आच वाढली तर साखर पिवळी पडते, हात जड झाला तर आलेला काटा मोडतो आणि हवा दमट असेल तर काटा धरतच नाही. खाडीकाठच्या ठाण्यात म्हणूनच त्यासाठी पौषातल्या कोरड्या थंडीची वाट पाहावी लागते.

दागिने घडविणे ही मात्र निराळी कला आहे. ठिसूळ दाण्यात सुई घालता येत नसल्याने दोऱ्याच्या गाठीत एकेक दाणा अडकवून मुकुट, बाजूबंद, कमरपट्टा आणि कृष्णाची बासरी तयार होते. अलीकडे दाणे पुठ्ठ्यावर चिकटवितात. त्यामुळे काम झटपट उरकते खरे, पण हाराचा लवचीकपणा जातो आणि पुठ्ठ्याची कड बाळाच्या मानेला टोचते.

लंडनचे महाराष्ट्र मंडळ १९३२ साली आणि उत्तर अमेरिकेतील बृहन्महाराष्ट्र मंडळ १९८१ साली स्थापन झाले. अशा मंडळांना रथसप्तमीपर्यंतची मुदत सोयीची पडते, कारण सोहळा शनिवार-रविवारी करता येतो. बोरांऐवजी स्ट्रॉबेरी किंवा चॉकलेट आले तरी त्यात फारसे बिघडत नाही. सोहळ्यासाठी घरी वस्तू करण्याची रीत इतरांतही आहे: अमेरिकेतील अनेक कॅथलिक कुटुंबे मुलाच्या पहिल्या ख्रिस्तप्रसादासाठी (फर्स्ट कम्युनियनसाठी) फेल्टची, म्हणजे न विणता तंतू दाबून केलेल्या कापडाची, पताका घरी करतात व ती पुढे जपून ठेवतात. हलव्याचा हार मात्र पावसाळ्यात पाझरतो, थोरल्याचा धाकट्याला सहसा पुरत नाही, आणि तो नव्याने करावा लागतो म्हणूनच गुंफणारे हात तयार होत राहतात.

तयार संच मागविणाऱ्या घरात सोहळा टिकतो, कला नव्हे. सुटा हलवा परदेशी नेऊन तो तेथेच गुंफणाऱ्यांचे कौतुक अधिक व्हावयास हवे. हिवाळ्यात गरम ठेवलेल्या तिकडच्या घरांतील कोरडी हवा तर प्रत्यक्ष काटा आणण्यासही अनुकूल असते.